समाईक छपराची निगा : बुलढाणा जिल्ह्यातील धाब्याच्या घरांपासून गृहनिर्माण संस्थांच्या गच्चीपर्यंत

१. प्रश्नाचे स्वरूप

घराचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष सामान्यतः पाया, दगडी जोते, दरवाजावरील नक्षी आणि वाड्याच्या चौकाची मांडणी यांकडे जाते. छपराकडे ते क्वचितच वळते. याचे एक कारण उघड आहे. छप्पर हा घराचा सर्वांत अल्पायुषी भाग होय. जोते शतकानुशतके टिकते, भिंत काही पिढ्या टिकते, छप्पर मात्र दरसाल हात लावल्याशिवाय टिकत नाही. जे टिकत नाही ते अवशेषांत सापडत नाही, आणि जे अवशेषांत सापडत नाही ते इतिहासात येत नाही.

दुसरे कारण दप्तराचे आहे. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहान्वये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. त्यानंतर तयार झालेल्या महसुली दप्तरांत शेतजमिनीचे क्षेत्र, प्रत व आकार यांची तपशीलवार नोंद झाली. गावठाणातील घरावर कोणते छप्पर आहे, ते कोणी दुरुस्त करावयाचे व त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा महसुलाचा विषय नव्हता. त्यामुळे या बाबतीत अभ्यासकाला लेखी पुराव्याबरोबरच बांधकामाची रीत, कारागिरांची परिभाषा आणि कायद्याचा विकास यांचा आधार घ्यावा लागतो.

प्रस्तुत लेखाचा विषय छपराचा सौंदर्यविचार हा नाही. एकाच छपराखाली अनेक कुटुंबे राहत असतील तर त्या छपराच्या दुरुस्तीची व पुनर्बांधणीची आखणी कशी होते, एवढाच मर्यादित प्रश्न येथे घेतला आहे. बुलढाणा जिल्हा त्यासाठी विशेष सोयीचा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील पायनघाट आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील बालाघाट असे दोन भिन्न भूप्रदेश या एकाच जिल्ह्यात आहेत. मातीच्या धाब्यापासून सिमेंटच्या गच्चीपर्यंतचे संक्रमण येथे थोड्या काळात घडले. शिवाय बुलढाणा, खामगाव, शेगाव, मलकापूर आणि चिखली या शहरांत सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्यामुळे समाईक छपराचा प्रश्न आज नव्या रूपाने पुढे आला आहे.

२. धाब्याची रचना

जिल्ह्यातील जुन्या घरांचे प्रमुख छप्पर म्हणजे धाबे होय. मराठवाड्यात यासच माळवद म्हणतात. त्याची रचना थोडक्यात अशी. भिंतींवर अथवा लाकडी खांबांवर तुळया टाकतात. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. घराची मोजणी याच मापाने होई. ‘पाच खणांचे घर’, ‘सात खणांचा वाडा’ असे शब्दप्रयोग त्यामुळेच रूढ झाले. तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर लाकडाच्या फाळक्या अथवा किलचे, त्यांवर तुराट्या व पऱ्हाट्या यांचा थर, त्यावर निंबाचा पाला, मग चिखलाचा जाड थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचे आच्छादन असा हा क्रम असे. पाणी वाहून जाण्यासाठी किंचित उतार आणि कडेला दगडी वा लाकडी पन्हाळ ठेवीत. धूर जाण्यासाठी व उजेड येण्यासाठी मध्ये एक तोंड ठेवीत; त्यास साणे म्हणत. पाऊस आला की त्यावर झाकण टाकावयाचे.

या रचनेतील सर्वांत विचारपूर्वक निवडलेला घटक म्हणजे वरची माती. जिल्ह्यात काळी माती मुबलक असूनही ती धाब्यावर वापरीत नसत. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. ज्या छपरावर वैशाखात भेगा पडतील ते छप्पर ज्येष्ठात गळणार, हे उघड आहे. म्हणून वरचा थर पांढऱ्या अथवा खाऱ्या मातीचा देत. पूर्णेच्या खोऱ्यातील शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूचा बराच भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. सोडियमचे प्रमाण अधिक असलेल्या मातीत चिकणमातीचे सूक्ष्म कण सुटे होऊन रंध्रे बुजवितात आणि पाणी खाली झिरपू देत नाहीत. शेतकऱ्याच्या दृष्टीने हाच त्या जमिनीचा मोठा दोष. पाण्याचा निचरा होत नाही, पीक नासते. जो गुण शेतात दोष ठरला तोच छपरावर उपकारक ठरला. खाऱ्या मातीत गवतही सहजी रुजत नाही, हा आणखी एक लाभ.

जेथे खारी माती जवळ नसे तेथे गावच्या पांढरीची माती वापरीत. आपल्या ग्रामव्यवस्थेत शेतजमिनीला ‘काळी’ व वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडलेल्या भिंती, चुलीतील राख, चुना आणि शेणमाती यांच्या मिश्रणाने वस्तीची जमीन पांढुरकी होते. ओसाड पडलेल्या जुन्या वस्तीचे टेकाड म्हणजे अशा मातीची तयार खाणच. एका काळाची पडलेली घरे ही अशा रीतीने पुढील काळाच्या घरांची छपरे बनत. पुरातत्त्वाच्या दृष्टीने मात्र ही रीत हानिकारक ठरली. दख्खनमधील अनेक प्राचीन टेकाडे पांढऱ्या मातीसाठी खणली गेल्यामुळे त्यांतील थरांचा क्रम विस्कटला आहे. संग्रामपूर तालुक्यातील भोण येथील उत्खननाने पूर्णाकाठच्या प्राचीन वस्तीचे महत्त्व सिद्ध केले आहे. अशी स्थळे अभ्यासताना टेकाडाचा कोणता भाग मातीसाठी उचलला गेला, हे पाहणे आवश्यक ठरते. छपराचा इतिहास व पुरातत्त्व यांचा संबंध इतका निकटचा आहे.

३. निगेचे पंचांग

जिल्ह्यात पाऊस सामान्यतः सातशे ते नऊशे मिलिमीटर पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. उरलेले आठ महिने धाबे कोरडे असते. या हवामानाला अनुसरून निगेचे वेळापत्रक ठरले होते. तूर व कापूस निघून शेतात तुराट्या-पऱ्हाट्या मोकळ्या होत त्या माघ-फाल्गुनात. म्हणजे छपराच्या खालच्या थराचे साहित्य घरचेच आणि वेळेवर हाती येई. गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत शेतीची कामे कमी असल्याने मनुष्यबळ मोकळे असे. बैलगाड्या रिकाम्या असत. खारी माती कोरडी व खणण्यास सोपी असे. मृगाचा पहिला पाऊस पडण्यापूर्वी धाब्यावरील गवत उपटणे, उंदरांची बिळे बुजविणे, पन्हाळी मोकळ्या करणे, भेगांत माती भरणे आणि वर नवा थर पसरून धुमसाने चोपणे ही कामे उरकली जात. कौलारू घरांच्या बाबतीत हीच जागा शाकारणीने घेतली होती. कौले काढून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा रचणे ही तेथील वार्षिक क्रिया होय.

या व्यवस्थेचा विशेष असा की तीत रोख निधी जवळजवळ नव्हता. निधीचे काम पंचांग करीत होते. दुरुस्तीसाठी पैसा साठविण्याऐवजी दुरुस्तीची वेळ निश्चित केलेली होती, आणि त्या वेळी साहित्य, श्रम व वाहतूक ही तिन्ही साधने विनामूल्य अथवा अल्प मोलात उपलब्ध होत. सुताराला बलुते मिळे ते मुख्यतः शेतीच्या अवजारांसाठी. तुळई बदलावयाची झाल्यास त्याला वेगळे मोल द्यावे लागे व सागवानाचा खर्चही पडे. म्हणजे किरकोळ निगा श्रमावर आणि मोठी दुरुस्ती पैशावर, असा भेद तेव्हाही होता.

या पद्धतीत एक अंगभूत धोका मात्र होता. दरसाल नवा थर टाकला आणि जुना खरवडला नाही, तर छपराचे वजन वाढत जाते. कोरड्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे सोळाशे किलो धरले, तर दहा चौरस मीटरच्या एका खणावर एक इंच जाडीचा थर सुमारे चारशे किलो भरतो. पावसाने काही माती वाहून जाते हे खरे. तरीही पाच-सात वर्षांच्या संचयाने तुळईवर काही टनांचा अधिक भार येऊ शकतो. जाणता कारागीर म्हणून आधी जुना थर खरवडावयास लावी. जेथे हा विवेक सुटला तेथे परिणाम भयंकर झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली. जाड दगडी भिंती आणि त्यांवरील जड माळवदे यांखाली सापडून हा संहार झाला. त्या घटनेने माळवदाची सर्वत्र अपकीर्ती झाली. परंतु दोष केवळ मातीचा नव्हता. नीट न बांधलेल्या दगडी भिंतीचा आणि खरवडल्याशिवाय टाकलेल्या थरांचाही होता, हे विसरता कामा नये.

४. वाटणी आणि छप्पर

आतापर्यंत घर एका कुटुंबाचे आहे असे गृहीत धरले. प्रश्न अवघड होतो तो वाटणीनंतर. वऱ्हाडात हिंदू कुटुंबांना मिताक्षरा संप्रदायाचे नियम लागू होते. बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने रचलेल्या या टीकेत, तसेच मनुस्मृतीसारख्या पूर्वग्रंथांत, ज्यांची वाटणी करू नये अशा वस्तूंचा विचार आला आहे. तेथे पाणी येते, जाण्यायेण्याची वाट येते, वस्त्रे व अलंकार येतात. छप्पर मात्र वेगळे नावाने येत नाही. घराची वाटणी होई ती खणांप्रमाणे. थोरल्याला पूर्वेकडील तीन खण, धाकट्याला पश्चिमेकडील तीन. जमिनीवर भिंत घालता येते. छपरात भिंत घालता येत नाही. दोघांच्या सीमेवरची तुळई एक, तिच्यावर टेकलेल्या कड्या दोन्ही बाजूंच्या, उतार एका बाजूला आणि पन्हाळ दुसऱ्याच्या अंगणात, अशी ही स्थिती.

एकाच्या खणावर माती न पडल्यास पाणी कड्यांच्या वाटेने शेजाऱ्याच्या भिंतीत उतरते. सीमेवरील तुळईला वाळवी लागल्यास ती बदलण्यासाठी दोन्ही बाजूंचे छप्पर उतरावे लागते. म्हणजे जमिनीवरील वाटणी पूर्ण झाली तरी छपरावरील एकत्र कुटुंब कायम राहते. शेजाऱ्यांच्या छपरांतील अंतर, पाण्याची वाट व त्यासंबंधीचे तंटे यांचा विचार कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील वास्तुविषयक प्रकरणात झालेला आहे, यावरून हा प्रश्न किती जुना आहे हे दिसून येते. परंतु तेथील विचार दोन स्वतंत्र घरांच्या संबंधाचा आहे. एकाच छपराखालील दोन मालकांचा प्रश्न त्याहून निराळा आहे.

पंचांगाची व्यवस्था चालू होती तोपर्यंत हा प्रश्न तितकासा जाणवला नाही. सर्व भाऊ गावातच असत. मृगापूर्वी एकाने धाब्यावर माती चढविली की दुसऱ्यालाही चढवावी लागे. न चढविल्यास सर्व गल्लीला दिसे. धाबे हे उन्हाळ्यात झोपण्याचे, धान्य-वड्या-सांडगे वाळविण्याचे ठिकाण असल्याने त्याची स्थिती सर्वांच्या डोळ्यांसमोर असे. देखरेखीसाठी वेगळा अधिकारी लागत नव्हता. तथापि ‘बारभाईची शेती, काय लागेल हाती’ ही म्हण ज्या समाजाने घडविली त्याला समाईकीतील दुखणे ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल ?

५. व्यवस्थेचा भंग

ही व्यवस्था कशाने मोडली ? केवळ दारिद्र्याने अथवा आळसाने घरे पडली, असे स्पष्टीकरण देण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते अपुरे आहे.

पहिला आघात मनुष्यहानीचा. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाड होरपळून निघाले. बुलढाणा जिल्ह्याची तत्कालीन सीमेतील लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे ४ लाख ८१ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ४ लाख २४ हजारांवर आली. दहा वर्षांत जवळजवळ बारा टक्के घट. (खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्याकडून या जिल्ह्यात आले ते नंतर, १९०५ मध्ये.) ही घट आकड्यांत वाचताना तिचा घरांच्या रांगांवर काय परिणाम झाला असेल, हे ध्यानात घेतले पाहिजे. ओळीतील एक घर ओस पडले की त्याचे धाबे दोन-तीन पावसांत बसते, समाईक भिंत उघडी पडते आणि राहत्या शेजाऱ्याच्या घरात ओल शिरते. आपल्या भाषेत अशा पडलेल्या जागेला ‘बखळ’ असा स्वतंत्र शब्द आहे. एक बखळ शेजारी दुसरी निर्माण करते.

दुसरा आघात साहित्याच्या बदलाचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ पर्यंत नागपूरला पोचली. तिच्या मार्गावर मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगाव ही स्थानके होती, आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत फाटा निघाला. खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची मोठी पेठ बनली. ज्या रेल्वेने कापूस मुंबईकडे गेला तिनेच पन्हळी पत्रा, लोखंडी तुळया आणि मंगलोरी कौले आत आणली. मंगळूर येथे बाझेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला होता. सरकी काढण्याच्या व गठ्ठे बांधण्याच्या कारखान्यांवर पत्रा आला, मग दुकानांवर, मग घरांवर. पत्र्याला दरसालची माती नको. परंतु त्याला विकत घ्यावे लागते, आणि तो गंजला म्हणजे एकदम बदलावा लागतो. दरसालच्या अल्प श्रमाची जागा दहा-वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या खर्चाने घेतली. हा बदल तांत्रिक दिसतो. वस्तुतः तो आर्थिक शिस्तीचा बदल आहे. पंचांग गेले, पण त्याच्या जागी निधी आला नाही.

तिसरा आघात मालक व रहिवासी यांच्या विभक्तीचा. वाटेकरी भाऊ नोकरीनिमित्त अकोला, नागपूर, पुणे, मुंबई येथे गेले. घराचा वाटा राहिला, हात राहिला नाही. शहरांतील भाड्याच्या घरांची कथा निराळी असली तरी परिणाम तोच. मुंबईत भाडी १९४० च्या पातळीशी बांधली गेल्यामुळे मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरविली आणि अखेर १९६९ च्या कायद्याने इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन करून उपकराच्या रूपाने निधी उभारावा लागला. विदर्भातील शहरांत १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अंमलात येईपर्यंत तो चालू राहिला. मुंबईसारखे दुरुस्ती मंडळ मात्र या शहरांच्या वाट्याला आले नाही. भाडे गोठले, दुरुस्तीचे दायित्व कागदावर उरले आणि पेठांतील जुने वाडे पावसाच्या स्वाधीन झाले.

६. अविभक्त छपराचा कायदा

महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतरच्या दशकात या प्रश्नाला नवी कायदेशीर चौकट मिळाली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मुळे सहकारी गृहनिर्माण संस्थेला आधार मिळाला. १९६३ च्या मालकी सदनिकाविषयक अधिनियमाने बांधकाम करणाऱ्यावर संस्था स्थापन करून जमीन व इमारत तिच्या नावे करून देण्याचे बंधन घातले. अपार्टमेंट मालकीविषयीच्या १९७० च्या अधिनियमाने तिसरा मार्ग काढला. त्यात सदनिका ज्याची त्याची, परंतु पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती, जिने आणि छप्पर ही समाईक क्षेत्रे ठरली. या समाईक क्षेत्रांतील प्रत्येकाचा हिस्सा अविभक्त राहतो व त्यांची वाटणी मागता येत नाही.

धर्मशास्त्राच्या अविभाज्य वस्तूंच्या यादीत पाण्याला व वाटेला स्थान होते, छपराला नव्हते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील या कायद्याने छप्पर त्या यादीत घातले, असे म्हणावयास हरकत नाही. खणांच्या वाटणीतील जी अडचण भाऊबंदांना अनुभवाने कळली होती, तिला येथे प्रथमच स्पष्ट कायदेशीर उत्तर मिळाले. समाईक भागाचा वापर करीत नाही या सबबीवर कोणालाही वर्गणी चुकविता येत नाही. तळमजल्यावरील रहिवाशाला गच्चीची गळती दिसत नाही, तरी तिच्या दुरुस्तीत त्याचा वाटा राहतोच.

सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींनी पुढचे पाऊल टाकले. गच्चीतून होणारी पावसाची गळती दूर करणे ही संस्थेच्या खर्चाची बाब ठरविली. दुरुस्ती व देखभाल निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम-खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड म्हणून किमान ०.२५ टक्के वर्गणी सुचविली. पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा, आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करण्याचे ठरविले.

या टक्केवारीचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. सोळा सदनिकांच्या इमारतीचा बांधकाम-खर्च, जमिनीची किंमत सोडून, १ कोटी ६० लाख रुपये धरू. दुरुस्ती निधीत दरसाल १ लाख २० हजार व सिंकिंग फंडात ४० हजार रुपये जमा होतील. म्हणजे प्रत्येक सदनिकेमागे सरासरी दरसाल १० हजार, महिन्याला सुमारे ८३३ रुपये. तीस वर्षांत सिंकिंग फंडाची मुद्दलच १२ लाख होईल. परंतु हा हिशेब मूळ बांधकाम-खर्चावर आधारलेला आहे. तीस वर्षांनंतरचा दुरुस्तीचा दर त्या जुन्या आकड्याची पर्वा करीत नाही. म्हणून उपविधीतील टक्केवारी ही आखणीचा आरंभ होय, शेवट नव्हे. सर्वसाधारण सभेने ठराविक वर्षांनी दुरुस्तीचा चालू अंदाज मागवून वर्गणी त्याप्रमाणे वाढविणे अगत्याचे ठरते.

७. जुने पंचांग, नवी आखणी

सिमेंटच्या गच्चीला निगा लागत नाही हा समज धाब्याच्या पराभवातून जन्मला. वास्तविक सिमेंटच्या स्लॅबला धाब्याप्रमाणेच दोन शत्रू आहेत : पाणी व उष्णता. पायनघाटात उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो आणि त्यावर अचानक पहिला पाऊस पडतो. या प्रसरण-आकुंचनाने कठड्याच्या सांध्यात, पन्हाळीच्या तोंडाशी व नळांच्या भोवती भेगा पडतात. पाणी आत शिरून लोखंडी सळ्या गंजतात; गंजलेली सळी फुगते व खालचे काँक्रीट फुटून पडते. धाब्यात तुळईला वाळवी लागे, येथे सळईला गंज लागतो. दोन्ही ठिकाणी रोग वरून दिसत नाही, खालून दिसतो, आणि दिसतो तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो.

तेव्हा आखणीचा क्रम जुन्या पंचांगावरून घेण्यास काहीच प्रत्यवाय नाही. पावसाळा संपताच, म्हणजे ओलीचे डाग स्पष्ट असताना, आश्विन-कार्तिकात तपासणी व नोंद व्हावी. हिवाळ्यात तज्ज्ञाचा अहवाल, अंदाजपत्रके व सर्वसाधारण सभेचा ठराव व्हावा. माघ ते वैशाख या काळात काम व्हावे. गच्चीवर पाणी कोंडून गळतीची परीक्षा घेण्यास मृगापूर्वी पुरेसे दिवस उरले पाहिजेत. ज्येष्ठात पाऊस पडू लागल्यावर बोलाविलेली सभा आणि घाईने घातलेला थर यांचा उपयोग मर्यादितच असतो.

धाब्यावरील खरवडण्याचा नियमही येथे तितकाच लागू आहे. गळती थांबविण्यासाठी जुन्या विटांच्या कोब्यावर नवा कोबा टाकण्याची रीत सर्रास आढळते. चार इंच जाडीच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो धरले, तर दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर तो चाळीस टनांचा अधिक भार होतो. स्लॅबच्या मूळ हिशेबात तो धरलेला नसतो. जुना थर काढण्याचा खर्च वाचविणारी समिती भार वाढवून ठेवते. किल्लारीचा धडा येथे विसरला जातो.

नव्या इमारतींच्या बाबतीत आणखी एक मुदत ध्यानात ठेवावयास हवी. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला बांधकामातील दोष बांधणाऱ्याने विनामूल्य दूर करावयाचा आहे. पाचवा पावसाळा संपताच गच्चीची लेखी तपासणी झाली नाही, तर हा हक्क हातचा जातो. जुन्या घराला असा हमीदार नव्हता. नव्या घराला आहे, पण त्याच्या हमीची तिथी कोणीतरी लक्षात ठेवावी लागते.

ओळीने बांधलेल्या रो-हाउसची स्थिती मात्र खणांच्या वाटणीच्या अधिक जवळ आहे. गच्ची ज्याची त्याची, भिंत समाईक. येथे प्रत्येक जण आपल्या सोयीच्या वर्षी, आपल्या पसंतीचे साहित्य वापरून दुरुस्ती करतो आणि दोन गच्च्यांच्या सांध्याचा धनी कोणीच नसतो. अशा वसाहतीत छपराची मालकी पृथक्‌ ठेवूनही दुरुस्तीचे वर्ष व सांध्याची रीत समाईक ठरविणे हाच उपाय होय.

आणि जेथे इमारत उभी आहे, रहिवासी आहेत, परंतु संस्थेची नोंदणी नाही, अपार्टमेंटचे घोषणापत्र नाही, जमीनही अद्याप मूळ मालकाच्या नावे आहे, तेथील छपराचे काय ? तेथे निधी ठेवण्यास खाते नाही, वर्गणी मागण्यास अधिकार नाही. वाटणीनंतरच्या वाड्यात निदान रक्ताचे नाते व गल्लीची नजर होती. येथे तेही नाही. कायद्याने छप्पर अविभक्त केले, पण त्या अविभक्ततेला आवाज देणारी संस्था नसेल तर छप्पर अविभक्त न राहता अनाथ होते.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की धाब्याच्या घरांचा ऱ्हास हा केवळ साहित्याचा किंवा दारिद्र्याचा इतिहास नसून दुरुस्तीच्या व्यवस्थेचा इतिहास आहे. पंचांगाने बांधलेली श्रमाची व्यवस्था दुष्काळ, स्थलांतर व नवे साहित्य यांनी मोडली, आणि निधीने बांधलेली व्यवस्था उभी राहण्यास बराच काळ लागला. या मधल्या अंतरात जिल्ह्यातील असंख्य वाडे बखळी झाले. दुसरा असा की समाईक छपराची अडचण सदनिकांनी निर्माण केलेली नाही. ती खणांच्या वाटणीत आधीच होती. आधुनिक कायद्याने तिला केवळ नाव व नियम दिले. तिसरा असा की निधी व पंचांग हे एकमेकांचे पर्याय नव्हेत. ज्या संस्थेजवळ पैसा आहे पण तपासणीची ठरलेली वेळ नाही, तिचे छप्पर गळेल. आणि जिच्याजवळ वेळापत्रक आहे पण पैसा नाही, तिचेही गळेल.

संशोधनाच्या दृष्टीने येथे नवे साधन उपलब्ध होत आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली गावठाणांचे ड्रोनद्वारा मोजमाप करून मिळकतपत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. आकाशातून घेतलेल्या चित्रात प्रथम दिसते ते छप्पर. म्हणूनच उड्डाणापूर्वी मिळकतींच्या सीमा चुन्याने आखाव्या लागल्या. कारण एका सलग धाब्याखाली किती घरे आहेत, हे वरून कळत नाही. जे छप्पर महसुली दप्तराने दीड शतक पाहिले नाही, ते आता नकाशात उतरत आहे. या नकाशांची वाटणीपत्रांशी व ग्रामपंचायतींच्या घरपट्टीच्या नोंदींशी तुलना केल्यास, कोणत्या गावात छप्पर सलग राहिले, कोठे ते तुकड्यांत बदलले आणि कोठे बखळ झाले, याचा तालुकावार अभ्यास शक्य होईल. पूर्णाकाठच्या गावांतील धाबी झपाट्याने नाहीशी होत असल्याने हे काम लवकर हाती घेतले पाहिजे. वृद्ध कारागिरांकडून थरांचा क्रम, मातीच्या जागा आणि सीमेवरील तुळईचे वाद कसे मिटत याची माहिती टिपून ठेवणे ही त्यातील पहिली पायरी होय. नकाशात छपराची कड दिसेल. त्या कडेवर कोणी, केव्हा व कोणाच्या खर्चाने माती टाकली, हे मात्र माणसांनाच विचारावे लागेल.